‘अ’, ‘ब’, ‘क’ आणि आत्ती

कायद्याच्या पुस्तकात माणसांना नावे नसतात. तेथे ‘अ’ हा ‘ब’ला आपला घोडा विकण्याचे कबूल करतो, पैसे चुकते होण्यापूर्वीच घोडा मरतो, ‘क’ मध्येच उगवून त्या मेलेल्या घोड्यावर आपला हक्क सांगतो, आणि ‘ड’ नावाचा कोणी अभागी इसम शेवटच्या ओळीत मृत्युपत्र न करता मरण पावतो. खाली प्रश्न असतो : ‘ड’च्या वारसांचे हक्क सकारण सांगा. गुण सहा.

गेली चार वर्षे मी ह्या मंडळींच्या सहवासात आहे. ह्यांना भूक लागत नाही. ह्यांची लग्ने होतात, पण मानपानावरून कोणी रुसत नाही. ह्यांच्या बहिणी सही करताना डोळ्याला पदर लावत नाहीत. म्हणूनच त्यांचे प्रश्न वीस-पंचवीस ओळींत सुटतात आणि सोडवणाऱ्याला सहापैकी चार गुण मिळून तो सुखाने झोपू शकतो.

बाहेरच्या माणसाला कायदा म्हणजे एकच एक वस्तू वाटते. ‘कायद्याने असे आहे,’ असे तो म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर एक जाडजूड लाल पुस्तक असते. आत शिरल्यावर समजते की हे जुन्या वाड्यासारखे प्रकरण आहे. प्रत्येक खोलीला वेगळा कारभारी आणि प्रत्येकाची बोलण्याची तऱ्हा वेगळी. करार कायद्याची खोली किराणा दुकानासारखी आहे. १८७२ सालचा हा कायदा. त्यात प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल अशी वजने फळीवर मांडून ठेवलेली, आणि उत्तर लिहिणाऱ्याने एकेक वजन पारड्यात टाकून दाखवायचे. शेजारी अपकृत्यांची खोली, म्हणजे आमच्या वेळापत्रकातला ‘टॉर्ट’. तेथे संहिताच नाही, सगळा कारभार गोष्टींवर चालतो! स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावी १९२८ साली एक बाई उपाहारगृहात जिंजर बिअर प्यायली, बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाली असे तिचे म्हणणे पडले, आणि १९३२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यावरून निष्काळजीपणाचा अवघा सिद्धान्त उभा केला. बाटलीत गोगलगाय खरोखर होती की नव्हती हे मात्र शेवटपर्यंत कोणत्याही न्यायालयात सिद्ध झाले नाही. आमच्या पहिल्या सेमिस्टरला त्या गोगलगायीने निम्म्या वर्गाला तारले, हे सिद्ध करायला मात्र साक्षीदार पुष्कळ सापडतील.

फौजदारी कायद्याचे आमच्या बाबतीत जरा विचित्रच झाले. १८६० च्या दंड संहितेची कलमे आम्ही घोकून बसलो, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचे ३०२ होते ते १०३ झाले. फसवणुकीचे ४२० हे ३१८ मध्ये जाऊन बसले. वरच्या वर्गातल्या मंडळींनी मोठ्या औदार्याने दिलेल्या वह्या एका रात्रीत रद्दीच्या भावाच्या झाल्या. तरी बाजारात कोणी ‘अहो, तो पक्का तीनशे अठरा आहे’ असे म्हणताना मी अद्याप ऐकलेले नाही. भाषा कायद्यापेक्षा चिवट असते.

भाषेवरून आठवले. आमच्या वर्गात इंग्रजी पुस्तक समोर असते, माझ्या शेजारचा मित्र उत्तरे कन्नडमध्ये लिहितो, आणि माझ्या वहीच्या समासात मराठी असते. ‘कन्सिडरेशन’ म्हणजे काय हे त्याला पटकन कळेना तेव्हा मी समासातला ‘प्रतिफल’ त्याला दाखवला. तो हसून म्हणाला, आमच्यातही प्रतिफलच! कोर्टाच्या आवारात गेले तर ही सोयरीक आणखी जवळची निघते. वकील, फिर्याद, दावा, जामीन हे शब्द दोघांचेही, आणि मुळात दोघांचेही नव्हेत. ते फारसी-अरबीतून आलेले. शिवछत्रपतींनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देवविले. पण वकील काही गेला नाही, दावाही गेला नाही. कोर्टाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर मराठी आणि कन्नड जितक्या खेटून बसतात तितक्या प्रस्तुत नियतकालिकाच्या दोन विभागांतही बसत नसतील, असे संपादक मंडळाची क्षमा मागून म्हणतो.

राज्यघटनेचे सांगायलाच नको. १३१ वे कलम, म्हणजे राज्याराज्यांतले तंटे थेट सर्वोच्च न्यायालयात नेण्याचे, हे इतर गावच्या विद्यार्थ्यांना पाठ करावे लागत असेल. २००४ साली महाराष्ट्राने सीमाप्रश्नाचा दावा त्याच कलमाखाली गुदरल्यामुळे आमच्याकडची पोरे ते घरूनच पाठ करून येतात. पण घटनेच्या तासाला मला खरी गंमत वाटली ती केशवानंद भारती खटल्याची. घटनेच्या मूलभूत चौकटीला संसदेलाही हात लावता येणार नाही, असे १९७३ साली तेरा न्यायाधीशांपुढील ज्या प्रकरणात सात विरुद्ध सहा अशा मतांनी ठरले, ते सुरू कशावरून झाले होते? तर कासरगोडजवळच्या एका मठाची जमीन केरळच्या जमीनसुधारणा कायद्यात जात होती, त्यावरून. एवढा मोठा सिद्धान्त, आणि मुळाशी बांध, गुंठे आणि कूळ!

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो तिकडे वळतो.

तिसऱ्या वर्षी हिंदू कायदा आला. त्याचा पाया मिताक्षरा. मिताक्षरा हे नाव ऐकून मला ते काशीच्या घाटावर लिहिलेले काहीतरी असावे असे वाटण्याचा संभव होता. पण सरांनी पहिल्याच तासाला नकाशा टांगला. चालुक्य विक्रमादित्याच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ही टीका लिहिली आणि नऊशे वर्षे तिने हिंदुस्थानातल्या बहुतेक घरांच्या वाटण्या केल्या. तिच्या परंपरेने मुलगा जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीचा वाटेकरी होतो. मुलगी होत नव्हती. डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिल मांडले, ते रखडले, आणि १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देताना त्यांनी दिलेल्या कारणांत ते एक ठळक कारण होते. १९५६ साली वारसा कायदा झाला, त्यात मुलीला बापाच्या स्वतःच्या मिळकतीत भावाबरोबरीचा वाटा मिळाला. जन्मसिद्ध वाटेकरी मात्र मुलगेच राहिले. कर्नाटकाने १९९४ साली मुलींना त्या पंक्तीत बसवले, पण ३० जुलै १९९४ पूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. मग ९ सप्टेंबर २००५ रोजी केंद्राची दुरुस्ती आली आणि लग्नाची अट गेली.

येथवर सगळे ठीक. नंतर फळ्यावर एका खटल्याचे नाव आले : प्रकाश विरुद्ध फुलवती, सर्वोच्च न्यायालय, २०१५. त्या निकालाने असे ठरले की ९ सप्टेंबर २००५ या दिवशी मुलगी हयात हवी आणि तिचा बापही हयात हवा. बाप त्याआधी वारला असेल तर मुलीला नव्या कायद्याचा लाभ नाही. सरांनी विचारले, हा दावा प्रथम कोठे दाखल झाला? दिल्ली, बंगळूर, धारवाड अशी उत्तरे आली. सरांनी खिडकीकडे बोट दाखवले. १९९२ साली बेळगावच्याच न्यायालयात! ज्या आवाराबाहेर आम्ही चहा पितो तेथून हे प्रकरण निघाले, तेवीस वर्षे चालत दिल्लीला पोहोचले आणि तिथून देशभरच्या लेकींच्या वाट्याला आडवे आले. पुढे ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायाधीशांनी हा निकाल मोडीत काढला : मुलीचा हक्क जन्माने आहे, बाप २००५ साली हयात असण्याची गरज नाही.

मी हे सगळे सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले, परीक्षेत लिहिले आणि दहापैकी साडेसात मिळवले.

आमचे गाव खानापूर तालुक्यात. भाताची जमीन तीन एकर बारा गुंठे. पूर्वी ती आमची नव्हती, आम्ही कुळे. पणजोबा कसत, पुढे आज्जा कसू लागले. हा मुलूख १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असल्यामुळे १९४८ चा मुंबईचा कूळकायदा आमच्या घरातल्या बोलण्यात अजून येतो; पण जमीन हाती आली ती कर्नाटकाच्या कायद्याने. १ मार्च १९७४ पासून कुळांकडच्या जमिनी सरकारकडे आल्या आणि कसणाऱ्याने ‘सात नंबरचा फॉर्म’ भरून लँड ट्रिब्युनलपुढे आपला हक्क शाबीत करायचा, अशी तजवीज झाली. त्या वेळच्या कायद्यात ट्रिब्युनलपुढे वकिलाला उभे राहायलाच मनाई होती. (ही मनाई सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली रद्द केली.) त्यामुळे आमच्या आज्जांनी, ज्यांना सहीपुरते अक्षर येत होते, स्वतःची बाजू स्वतः मांडली. काय मांडली ह्याची घरात निरनिराळी वर्णने आहेत. जमीन मिळाली, एवढे सर्वमान्य आहे.

आज्जी आधी गेली. आज्जा २००३ साली गेले. मागे दोघे : माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, आणि आत्ती. आत्तीचे लग्न १९८९ साली झालेले. वाचकांतल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी आतापर्यंत बोटे मोडायला सुरुवात केली असेल. १९९४ च्या कायद्याने आत्ती बाहेर, कारण लग्न आधीचे. २००५ च्या कायद्याने आत. २०१५ च्या निकालाने पुन्हा बाहेर, कारण बाप २००३ सालीच गेलेला. २०२० च्या निकालाने पुन्हा आत. आत म्हणजे निम्मा वाटा, एक एकर सव्वीस गुंठे. बाहेर म्हणजे फक्त आज्जांच्या हिश्श्यातला निम्मा, तेहतीस गुंठे. ही जमीन आज्जांची स्वतःची की पणजोबांच्या कुळामुळे घराण्याची, असाही एक प्रश्न त्यात आहे, आणि तो वर्गात सांगितला तर दोन तास वाद चालेल. पण स्वतःची धरली तरी मुलीचा वाटा निम्माच निघतो. ह्या सगळ्या वर्षांत आत्ती आपल्या सासरी चिखलात वाकून भाताची रोपे लावत होती, आणि तिच्या नकळत तिचा हिस्सा दिल्लीत वाढत आणि घटत होता.

गेल्या वर्षी आप्पांना बोअर मारायची होती. त्यासाठी कर्ज हवे. उताऱ्यावर आप्पांचे आणि आत्तीचे अशी दोन नावे. कोणीतरी सल्ला दिला की हे कायमचे निस्तरायचे तर बहिणीकडून हक्कसोड करून घ्या. आमच्या भागात ही गोष्ट इतकी रुळलेली आहे की तिला कोणी व्यवहारसुद्धा म्हणत नाही. भाऊ साडी-चोळी करतो, बहीण सही करते, सगळे मिळून जेवतात. दस्त कन्नडमध्ये तयार झाला. आप्पा मला म्हणाले, “सोमवारी आत्तीला घेऊन रजिस्टर हापिसात ये. साक्षीदार म्हणून तुझीच सही घालू. एवढं शिकलास, घरच्या कामाला तरी येऊ दे.”

मी विचारले, दस्तात काय आहे हे आत्तीला ठाऊक आहे का? “तिला काय म्हाईत नाही? वाट्याचं हाय म्हणून सांगितलंय की,” आप्पा म्हणाले.

आप्पांवर अन्याय होऊ नये म्हणून येथे थांबून सांगतो. बावीस वर्षे ती जमीन त्यांनी एकट्यांनी कसली. आज्जांच्या आजारपणाचा खर्च त्यांनी केला, त्यासाठी घेतलेले कर्ज त्यांनी फेडले. आत्तीच्या घरी अडचण आली तेव्हा भाताची पोती आमच्या घरून गेली. त्याचा हिशोब कोणी मांडला नाही. ते लबाड नाहीत. बहिणीचा हक्क म्हणजे काय हे त्यांना कोणी कधी सांगितलेलेच नव्हते, आणि सांगणारा जो एकुलता एक माणूस घरात होता, तो त्याच जमिनीचा पुढचा धनी. म्हणजे मी.

आत्ती मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली. चष्मा लावून ती रोजचा ‘तरुण भारत’ पहिल्या पानापासून वाचते. कन्नड बोलते, पण वाचता येत नाही. जो कागद तिचे माहेरचे सगळे नाते दोन पानांत मिटवणार होता, तो तिला अक्षरओळख नसलेल्या लिपीत होता. मला त्या रात्री आठवण झाली ती करार कायद्यातल्या एका म्हाताऱ्या खटल्याची. १५८२ साल, इंग्लंड. थरोगुड नावाच्या निरक्षर जमीनमालकाला त्याच्या कुळाकडून थकलेला खंड येणे होता. त्याच्यापुढे एक दस्त आला. थकबाकी सोडल्याचा हा कागद आहे, असे त्याला सांगण्यात आले. प्रत्यक्षात त्यात जमिनीवरचाही हक्क सोडलेला होता. न्यायालय म्हणाले, ज्याला वाचता येत नाही त्याला चुकीचे वाचून दाखवून घेतलेला दस्त त्याला बांधत नाही. ह्या खटल्यावर मी टीप लिहिलेली होती, चार ओळींची. तेव्हा थरोगुड हा माझ्या लेखी ‘अ’ किंवा ‘ब’ होता. आता तो चष्मा पुसत ओसरीवर बसलेला दिसू लागला.

सोमवारला चार दिवस होते. मी आत्तीला पत्र लिहायला घेतले, मराठीत. दोन पाने.

विद्यापीठात मी लिहिलेल्या कोणत्याही उत्तराला इतका वेळ लागला नाही. ‘कोपार्सनर’ला मराठीत सहदायाद असा शब्द आहे. तो शुद्ध आहे, पण आत्तीला त्याचा उपयोग नाही. मी ‘जन्मापासूनचा वाटेकरी’ असे लिहिले. ‘म्युटेशन’ला तिच्या भाषेत नाव चढवणे-उतरवणे. मग असे लिहिले की उताऱ्यावरचे नाव तलाठ्याने खोडले म्हणून हक्क जात नाही आणि चढवले म्हणून येत नाही. ती फक्त सरकारची वसुलीची नोंद. (तलाठ्याचे सरकारी नाव आमच्याकडे केव्हाच बदलले, लोकांच्या तोंडातले बदललेले नाही.) नोंदणी झालेल्या हक्कसोडीचे मात्र तसे नाही. तिच्यावर सही केली की विषय संपला. मग फसवणूक झाली असे न्यायालयात जाऊन सिद्ध करीत बसावे लागते, आणि ते वर्षानुवर्षांचे काम.

अडलो ते एका ठिकाणी. करार कायद्याच्या १६ व्या कलमात अनुचित प्रभावाची व्याख्या आहे. एक माणूस दुसऱ्याच्या इच्छेवर हुकमत गाजवण्याच्या स्थितीत असेल आणि त्या स्थितीचा वापर करून गैरफायदा घेत असेल, तर तो करार दुसऱ्याला रद्द करून घेता येतो. मी कलम पुन्हा पुन्हा वाचले. आप्पा हुकमत गाजवत नव्हते. धाक नव्हता, दटावणी नव्हती. आत्ती सही करणार होती ती भावाच्या भीडेने. आणि भीड ही गोष्ट त्या कलमात कोठेच बसेना. आपल्याकडच्या बायकांनी सोडलेल्या हक्कांपैकी बहुतेक भीडेपोटी सोडलेले असतील; पण १८७२ साली हे कलम ज्यांनी घडवले त्यांच्या भाषेत ह्या शब्दाला जागा नसावी. शेवटी मी कलमाचा आकडा काढून टाकला आणि लिहिले : “आत्ती, भीडेने सही केलीस तर कोर्ट ती खरीच धरील. म्हणून आधी विचार कर.”

पत्राची सुरुवात अशी होती : “आज्जांच्या जमिनीत तुझा निम्मा वाटा आहे. तो आप्पा तुला देणार किंवा मी देणार असे नाही, तो आजच तुझा आहे.” नंतर तिच्यापुढच्या वाटा मांडल्या. हक्क सोडायचा, थोडा सोडायचा, थोडा ठेवायचा, काहीच न करता बँकेच्या कागदावर सहमालक म्हणून सही द्यायची, म्हणजे बोअरचे कामही अडत नाही. आणि शेवटी, आम्हाला व्यावसायिक नीतिमत्तेच्या तासाला शिकवले होते की पक्षकाराच्या प्रकरणात वकिलाचा स्वतःचा हितसंबंध असेल तर तो त्याने आधी उघड केला पाहिजे, म्हणून खाली एक ओळ घातली : “तू सही केलीस तर ही जमीन पुढे मला मिळणार आहे. तेव्हा मी लिहिलेले त्या हिशोबाने वाच.”

शनिवारी तिच्या गावी गेलो. तिने पत्र ओसरीवर बसून वाचले, ओळीवर बोट ठेवून, दोनदा. एके ठिकाणी थांबून म्हणाली, “हे ‘सहमालक’ बरोबर लिहिलंस. ‘हितसंबंध’ मात्र पेपरातला शब्द.” मी तो मुद्दाम काढला होता अशा समजुतीत होतो, तो दुसऱ्या पानावर कोठेतरी राहिलाच होता! मग तिने विचारले, “मी मेलो तर माझा वाटा कुणाला?” (आमच्याकडच्या बायका ‘मी मेलो’ असेच म्हणतात, हे परगावच्या वाचकांसाठी.) मी सांगितले, तुझ्या मुलांना आणि मामांना, सारखा. “म्हंजे मुलीलाबी?” होय, मुलीलाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. तिची मुलगी गेल्या दोन वर्षांपासून माहेरीच आहे, एवढे सांगितले की पुरे.

नंतर तिने जे विचारले त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. “सही नाही केली आणि माहेरचं येणं-जाणं तुटलं, तर त्याचं कलम कुठलं?”

मी म्हटले, त्याला कलम नाही.

“मग सोमवारी नको,” ती म्हणाली. “भात कापून होऊ दे. बँकेचा कागद असंल तर आण, त्याच्यावर करतो सही.” आणि पत्राची घडी घालून तिने ती पिशवीत ठेवली, पैसे ठेवतात त्या कप्प्यात.

आप्पा पंधरा दिवस माझ्याशी आईच्या मार्फत बोलत होते. ‘त्याला म्हणावं, जेवायला ये’, ‘त्याला म्हणावं, दिवा घालव’. बँकेच्या कागदावर आत्तीने येऊन सही केली, कर्ज झाले, बोअरला पाणी लागले. हक्कसोडीचा तो दस्त कपाटात तसाच आहे. यात्रेला आत्ती येईल की नाही अशी घरात धास्ती होती. ती आली, नेहमीप्रमाणे लेकीला घेऊन. दुपारची जेवणे झाल्यावर आप्पा सुपारी कातरत कोणाकडेच न पाहता मला म्हणाले, “त्या वरच्या तुकड्याचा बांध कुठनं कुठवर हाय, तो हिला एकदा दावून आण. लग्न झाल्यापासनं तिकडं गेली नसंल.” आम्ही तिघे गेलो. बांधावर उभी राहून आत्ती मला सांगू लागली की हा बांध पूर्वी चिंचेपासून जात होता, आता चार हात अलीकडे सरकला आहे, शेजाऱ्याने खाल्ला! हे उताऱ्यावर नव्हते, आप्पांनाही ठाऊक नव्हते. वाटणी व्हायची की नाही हे अजून ठरलेले नाही. बांधाची मोजणी मात्र मागवली आहे. अर्जावर दोघांच्या सह्या आहेत.

त्या पत्राचे पुढे असे झाले की आत्तीने ते शेजारणीला दाखवले. तिच्या भावानेही असाच कागद आणला होता. तिच्यासाठी मी नावे आणि वर्षे बदलून नवे लिहिले. शेजारणीचा बाप १९९८ साली वारला होता आणि वाटणीचे रजिस्टर खत त्याच्या हयातीतच झालेले होते. २० डिसेंबर २००४ पूर्वीची अशी वाटणी नव्या कायद्याने उघडता येत नाही, तेव्हा तिला तिचा हक्क नाही असे लिहावे लागले. ते लिहिणे आत्तीच्या पत्रापेक्षा जड गेले. पुढे आणखी काहींनी विचारले. आता माझ्या वहीत अशा सात पत्रांच्या नकला आहेत, आणि कोणतीही दोन सारखी नाहीत. एकीत जमीन इनामाची निघाली, तर दुसरीत घर गावठाणातले आणि कागद मोडीत.

आठवे पत्र हवे होते त्या बाईंना मराठी वाचता येत नाही, कन्नड येते. मी माझा मसुदा शेजारच्या बाकावरच्या मित्राला दिला. त्याने संध्याकाळी खोलीवर बसून भराभर उतरवायला घेतले. जन्मापासूनचा वाटेकरी, नाव चढवणे, हक्कसोड, एकेका शब्दाला तो जरा थबके, खिडकीबाहेर पाही आणि लिही. ‘भीड’ आली तेव्हा मी पुढे सरसावलो. म्हटले, ह्याचा अर्थ सांगतो, हा जरा अवघड आहे. त्याने मान वर न करता लिहून टाकले होते : भिडे. आमच्यातही हाच शब्द आहे, तो म्हणाला, आणि पुढच्या ओळीला लागला.